थोरल्यांचं नाक

त्या गॅरेजात काम दोघं भाऊ करत आणि नाव एकाचं होई. हा हिशेब धंद्याइतकाच जुना होता आणि तो तपासायला कुणी मागत नसे. थोरले मिस्त्री दाराशी खुर्ची टाकून बसत, धाकटे मिस्त्री गाडीखाली आडवे असत. थोरल्यांचे कपडे संध्याकाळीही सकाळसारखे दिसत, धाकट्यांचे सकाळीही संध्याकाळसारखे. गिऱ्हाईक मात्र यायचं ते थोरल्यांकडे, कारण थोरल्यांना नाक होतं.

नाक तसं सगळ्यांनाच असतं. पण 'गाडीत काहीतरी जळल्याचा वास येतोय' अशी तक्रार घेऊन माणूस दुसऱ्या गॅरेजात गेला, की तिथला मिस्त्री डोकं खाजवतो, बॉनेट उघडतो, चाकं काढतो, आणि शेवटी मालकालाच विचारतो, "आता येतोय का?" इथे तसलं काही नव्हतं. गाडी आवारात आली की इंजिन चालू ठेवायचं, मालकाने उतरून बाकावर बसायचं आणि तोंड मिटून घ्यायचं, असा नियम होता. कुणी तोंड उघडलंच तर थोरले हात वर करत. "तुम्ही बोलू नका. तुम्ही बोललात की मला तुमचंच ऐकू येतं, गाडीचं राहून जातं." मग ते गाडीत बसत, काचा वर करत, डोळे मिटून घेत आणि सावकाश श्वास ओढत. बाकावरची मंडळी तेवढा वेळ आपला श्वास धरून ठेवत, जणू हवा पुरणार नाही. मग दार उघडे, एक पाय बाहेर येई आणि निकाल लागे. "क्लच." किंवा, "मागचा ब्रेक, उजवा, चिकटलाय." किंवा, "तेल ठिबकतंय सायलेन्सरवर."

डॉक्टरने दुखणं सांगायची बंदी केली तर माणूस भांडेल. इथे त्या बंदीचाच लोकांना अभिमान होता. "आमच्या मिस्त्रींना सांगावं लागत नाही," असं ते चार लोकांत छाती काढून सांगत.

तर हे नाक गेल्या थंडीत गेलं.

काही वाजतगाजत गेलं नाही. सर्दी झाली, ताप आला, ताप उतरला, सर्दी निघाली, आणि पाहुण्याने जाताना यजमानाची चादर गुंडाळून न्यावी तसा सर्दीने वासही बरोबर नेला. थोरल्यांना ते कळलं ताटावर. बायकोच्या हातून भाजी करपली होती, चांगली ताट सरकवून उठण्याइतकी. थोरल्यांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि वर थोडी मागून घेतली.

बायको हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. "बरं वाटत नाहीये का?"

"का? छान झालीये."

त्या घरात स्वयंपाकाला 'छान' म्हणायची पद्धत नव्हती. बायको आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी तिने न मागता त्यांचे सदरे इस्त्री करून ठेवले. मग घरात अशी काही शांतता नांदू लागली, की नाक गेल्याचं सांगणं म्हणजे त्या 'छान'ची किंमत काढून घेणं झालं असतं. एकीकडे नाक खर्ची पडलं, दुसरीकडे संसार जमेला आला. थोरल्यांनी घरचं खातं तसंच चालू दिलं.

गॅरेजचं खातं तसं चालणार नव्हतं. धाकट्यांनी वर्षापूर्वी एक यंत्र आणलं होतं. त्याची वायर गाडीला जोडली की पडद्यावर आकडे उमटत आणि गाडीचं दुखणं कळे. थोरल्यांनी त्याचं नाव 'टीव्ही' ठेवलं होतं. धाकटे मधूनमधून विषय काढत. "दादा, दारावर पाटी लावू का, इथे यंत्रावर तपासणी होते म्हणून?"

"लाव की. खाली हेही लिही, नाक कायमचं बंद आहे."

आता तो टोमणा घशातल्या काट्यासारखा त्यांनाच टोचू लागला. गोष्ट फुटली की पाटी लागणार, टीव्ही दाराशी येणार आणि आपली खुर्ची मागच्या खोलीत, जुन्या नटबोल्टांच्या डब्यांशेजारी. येणारेजाणारे धाकट्यांना हळू आवाजात विचारणार, "हे कोण?" आणि धाकटे तितक्याच हळू सांगणार, "मोठे भाऊ. बसतात बिचारे." थोरल्यांना म्हातारपणाचं भय नव्हतं, गरिबीचं नव्हतं. त्या 'बिचारे'चं होतं.

म्हणून ते वास घेत राहिले. म्हणजे डोळे मिटत, श्वास ओढत आणि ठोकून देत. गाडी जुनी असली तर क्लच. टॅक्सी असली तर ब्रेक. गाडी नवी आणि मालक घाबरट असला तर, "काही नाही, नवा रंग तापतोय. महिनाभर चालवा." पहिल्यापहिल्यांदा कुणी फाटकातून परत येतंय का, ते बघत बसत. पण नवल असं, की एकही गाडी परत आली नाही. उलट एक टॅक्सीवाला मुद्दाम वाट वाकडी करून सांगून गेला, "तुम्ही म्हणालात तेच निघालं, मिस्त्री." असे महिने गेले. हळूहळू थोरल्यांची खात्री पटली, की नाक ही मुळातच जास्तीची वस्तू होती. काम डोकं करत होतं आणि नाक फुकटचा मान खात होतं. माणूस आपल्याच बाजूने निकाल द्यायला बसला की साक्षीपुराव्यासाठी खोळंबत नाही.

मग एक दिवस मुख्याध्यापिका बाईंची गाडी आली.

बाई बाकावर अशा बसल्या, की शेजारचा कंत्राटदार आपोआप सरळ झाला. गप्प बसवायची त्यांना सवय होती, गप्प बसायची नव्हती. तरी नियम तो नियम म्हणून त्यांनी ओठ आवळून धरले. धाकटे मिस्त्री नेमके त्या आठवड्यात सासुरवाडीला गेले होते, सासरे जिन्यावरून घसरले म्हणून. थोरले गाडीत बसले, डोळे मिटले आणि हिशेब मांडला. गाडी फार जुनी नाही, फार नवी नाही. बाई शिस्तीच्या. शिस्तीची माणसं क्लचवरून पाय उचलत नाहीत, वेळ सांगून येत नाही म्हणून.

"क्लच," ते उतरता उतरता म्हणाले. "पाय ठेवून चालवता तुम्ही."

"माझा पाय क्लचवर नसतो," बाई म्हणाल्या.

"नसतो असं वाटतं, बाई. सगळ्यांनाच वाटतं."

कंत्राटदाराने मान डोलावली. त्याचाही पाय एकदा असाच निघाला होता. चारचौघांत नाकाशी वाद घालणं बाईंना प्रशस्त वाटलं नाही. क्लच बदललं गेलं. बाई गाडी घेऊन गेल्या आणि आठवड्याने परत आल्या.

एकट्या आल्या नाहीत. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला त्यांच्या सासूबाई होत्या. देहाने भरभक्कम, मांडीवर पिशवी, आणि चेहरा असा, की खरं निघाल्याशिवाय मी घरी जाणार नाही.

"मिस्त्री, वास गेलेला नाही," बाई खिडकीतून म्हणाल्या.

बाकावरचं बोलणं थांबलं. या आवारात असं वाक्य कुणी आजवर ऐकलं नव्हतं. धाकटे त्याच सकाळी सासऱ्यांचं प्लास्टर बघून परतले होते. त्यांनी गाड्यांखालच्या खड्ड्यातून डोकं वर काढलं.

"म्हणजे गेला होता," बाईंनी वाक्य दुरुस्त केलं. "आठवडाभर मी शाळेत गेले-आले, काही नाही. आज आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला काढली आणि आला."

"म्हणजे मीच घेऊन आले," मागून आवाज आला. "पिशवीत भरून."

"असं कुठे म्हटलं मी, आई?"

"तू कशाला म्हणशील? तू नुसती थांबतेस. बाकीचं लोक म्हणतात."

"मागे आला तेव्हाही तुम्ही गाडीत होता, एवढंच सांगतेय."

"आणि मी तेव्हापासून सांगतेय की काहीतरी जळतंय. तुला वाटलं, मी घालूनपाडून बोलतेय."

बाकावर कुणीतरी खोकलं. थोरल्यांनी हात वर केला. हात वर केला की माणसं गप्प बसतात, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव सासूबाईंच्या बाबतीत लागू पडला नाही.

"हात काय दाखवताय? गाडीत बसा," त्या म्हणाल्या. "उभ्या गाडीत काय वास घेणार? चालवून बघा."

आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. धाकटे हात पुसत पुढे आले. "दादा, मी येऊ बरोबर?"

"तू तुझा टीव्ही बघ," थोरले म्हणाले आणि पुढे बसले.

बाई गाडी चालवत होत्या. गोदामांची लांब भिंत मागे पडली, पेट्रोलपंप गेला, नाल्यावरच्या पुलाचा चढ आला. थोरल्यांनी डोळे मिटून घेतले होते; एरवी ती ऐट असे, आज आसरा होता.

"येतोय ना वास?" सासूबाईंनी मागून विचारलं.

थोरल्यांनी खोल श्वास ओढला. "येतोय. चांगलाच येतोय."

"सूनबाई, तुला येतोय?"

"नाही, आई."

"मलाही नाही येत."

गाडी पूल उतरली. थोरल्यांनी डोळे उघडले नाहीत, कारण उघडून बघायचं कुठे हे ठरत नव्हतं.

"नाक कधी गेलं?" सासूबाईंनी विचारलं. तब्येतीची चौकशी करावी इतक्या साध्या आवाजात.

"कुणाचं?"

"माझं असतं तर तुम्हाला विचारलं असतं का? आमच्या घरी ह्यांचं गेलं होतं. दूध उतू जाऊन करपलं तरी शेजारी बसून पेपर वाचायचे. काही विचारलं की आधी हो म्हणायचे, मग माझ्या तोंडाकडे बघायचे. तुम्ही तर बघतसुद्धा नाही."

थोरल्यांनी डोळे उघडले. समोर एक सायकलवाला चालला होता, त्याला या गाडीत काय चाललंय याचा पत्ता नव्हता. थोरल्यांना त्याचा हेवा वाटला.

"थंडीत," ते म्हणाले. "सर्दीत गेलं. फुलाचा नाही, पेट्रोलचा नाही, कशाचाच येत नाही."

बाईंनी गाडी हळू केली. "म्हणजे माझं क्लच?"

"चांगलं असणार, बाई. बहुतेक."

"बहुतेक," बाई म्हणाल्या. उत्तरपत्रिकेत लाल रेघ ओढावी तसा तो शब्द त्यांनी ओढला. "अहो, आठवडाभर मी रोज माझ्या पायाकडे बघत गाडी चालवली. सिग्नलला मागचे हॉर्न वाजवत होते."

"क्लचचं बिल परत करायला सांगतो धाकट्याला."

"बिलाचं नंतर बघा," सासूबाई मध्ये पडल्या. "वास मला येतो, गाडी तुम्हाला कळते. मग विचारा ना मला. तोंड कशाला दिलंय?"

गिऱ्हाइकाला विचारायचं म्हणजे काय विचारायचं, हेच थोरल्यांना पटकन सुचेना. इतकी वर्षं त्यांनी लोकांना गप्प बसवलं होतं. त्या गप्प बसण्यामागे लोकांना काय ठाऊक असेल, असा विचार कधी आला नव्हता. शेवटी त्यांनी सुरुवात केली, नवशिक्यासारखी.

"कुठून येतो, मावशी?"

"माझ्या पायाशी. डावीकडून."

"सारखा येतो?"

"सारखा नाही. खड्डा आला, उंचवटा आला की. आणि ही उजवीकडे वळली की तर हमखास. पाण्याच्या टाकीपाशी वळते तिथे तर मी आधीच नाकाला रुमाल लावते."

"त्या रुमालाचं मी वेगळंच कारण समजत होते," बाई म्हणाल्या.

"तुझी समज तुझ्यापाशी. रबराचा वास आहे, मिस्त्री."

"प्लास्टिकचा," बाई म्हणाल्या.

"रबर. मुलं खोडरबर घेऊन बाकावर खसाखसा घासतात ना, तसा. तुझ्याच शाळेत येतो, बक्षीस समारंभाला मला बोलावतेस तेव्हा."

"त्याच्या मागे प्लास्टिकही आहे थोडं."

"असू दे. आधी रबर, मग प्लास्टिक."

थोरले सीटवर मागे वळून बसले होते. आधी रबर, मग प्लास्टिक. मागे, डावीकडे. खड्ड्यात आणि उजव्या वळणावर, म्हणजे गाडी डावीकडे कलते तेव्हा. आणि बाई एकट्या असल्या की नाही. त्यांच्या डोक्यात एकेक वस्तू आपापल्या जागी जाऊन बसू लागली, आणि अशी घाई झाली की नाक असताना कधी झाली नव्हती.

"बाई, टाकीपाशी घ्या. काचा खाली करा. वळा."

बाई वळल्या. "आला," दोघी एकदम म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्यांचं बहुधा पहिल्यांदाच एकमत झालं असावं. थोरल्यांना वास आला नाही. पण उघड्या काचेतून त्यांना बारीक आवाज ऐकू आला, जाड कापड टरकन फाटावं तसा, एकदाच.

"थांबवा. मावशी, तुम्ही उतरू नका. आहात तशा बसून राहा."

ते उतरले, मागच्या चाकाशी गेले आणि इस्त्रीच्या सदऱ्यासकट रस्त्यावर आडवे झाले. टायरवर आतल्या अंगाला एक काळा, चकचकीत पट्टा उमटला होता, करदोड्यासारखा. वर चाकाच्या कमानीला प्लास्टिकचं अस्तर असतं, ते घासून घासून चिंधी झालं होतं. आणि त्या चाकाच्या स्प्रिंगचा खालचा वेढा तुटून बाजूला पडला होता. बाई एकट्या असल्या की चाक आणि अस्तर आपापल्या जागी गुण्यागोविंदाने राहत. सासूबाई बसल्या की गाडी त्या अंगाला बसे आणि चाक अस्तराला लागे.

"मावशी, जरा उतरा."

सासूबाई उतरल्या. गाडी वर आली. टायर आणि अस्तर यांच्यात बोट जाईल एवढी फट पडली.

"आता बसा."

फट मिटली.

"उतरा."

"मी काय कवायत करू इथे?" सासूबाई म्हणाल्या. पण उतरल्या, आणि बसल्या, आणि पुन्हा उतरल्या. शेवटच्या खेपेची गरज नव्हती. थोरल्यांना ते बघतच राहावंसं वाटत होतं.

"तुमचं खरं होतं," रस्त्यावरूनच ते म्हणाले. "रबर. मग प्लास्टिक."

"ते मला माहीतच होतं," सासूबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर बाई गाडी सावकाश चालवत होत्या. त्या मनातल्या मनात दोन बाजू मांडून बघत होत्या. जे घडलं ते जसंच्या तसं सांगायचं, तर मिस्त्रींना नाक नाही आणि सासूबाई पहिल्या दिवसापासून बरोबर होत्या, असं सांगावं लागणार. पहिली गोष्ट कुणालाही सांगायला बाईंची हरकत नव्हती. पण दुसरी तिला चिकटलेली होती. एक उचलली की दुसरी वर येणारच. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत गेली तोवर बाईंचा ताळा जुळला होता.

"कमाल आहे हो तुमच्या मिस्त्रींची," त्या उतरून बाकाकडे बघत म्हणाल्या. "एक चक्कर मारली. नाक वर केलं, गाडी थांबवायला लावली आणि सरळ त्या चाकाखाली शिरले. स्प्रिंग तुटलेली."

बाक गहिवरला. कंत्राटदार म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? क्लचच्या मागे दडलेलं असणार काहीतरी."

थोरले तोंड उघडणार होते. त्यांनी मागच्या खिडकीकडे बघितलं. सासूबाई सुनेकडे बघत होत्या, आणि रागाने बघत होत्या असंही म्हणता येणार नाही. उतारवयाला कुणीतरी घसघशीत रक्कम खात्यावर टाकून गेल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. सुनेची थाप आपल्या ताब्यात असली की ती घरात केव्हाही वटवता येते. चार परक्या माणसांपुढे बाकावर खर्चून टाकायला त्या काही उधळ्या नव्हत्या.

"असं," एवढंच त्या म्हणाल्या.

गाडी नवी स्प्रिंग बसवायला आत गेली. थोरल्यांनी धाकट्यांना मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. धाकटे साबणाच्या भुकटीने हातावरचं तेल घासत उभे राहिले.

"ऐक. माझं नाक गेलंय."

"माहितीये," धाकटे म्हणाले.

"काय माहितीये?"

"नाक गेलंय ते. थंडीपासून. इथे त्या रॅकच्या मागे उंदीर मरून पडला होता, आठवतं? सगळी पोरं तोंडाला फडकी बांधून काम करत होती. बाकावर कुणी बसेना. आणि तू त्या रॅकला टेकून डबा खात होतास. वर मला विचारलंस, आज गिऱ्हाईक का नाही म्हणून."

थोरल्यांनी जवळचा स्टूल ओढला. "मग इतके दिवस माझं बरोबर कसं येत होतं?"

"कुठे येत होतं?"

"टॅक्सीवाला सांगून गेला. ब्रेक म्हणालो, ब्रेकच निघाला."

"अल्टरनेटर जळत होता त्याचा. तो मी बदलला आणि सांगितलं, थोरल्यांनी बरोबर ओळखलं. तू काही म्हण, दादा, मी गाडी आत घेऊन बघत होतो आणि निघेल ते दुरुस्त करत होतो. बाईंच्या वेळी मी नव्हतो. पोरं तुझं ऐकून मोकळी झाली."

बाहेर कुणीतरी हातोडीने काहीतरी ठोकत होतं. थोरले त्या आवाजाकडे लक्ष देत राहिले, कारण दुसऱ्या कशाकडे द्यायची हिंमत नव्हती. ज्या 'बिचारे'ला ते इतके महिने चुकवत होते तो शब्द पोरांच्या फडक्यांआडून कधीच म्हणून झाला असणार.

"बोलला का नाहीस?"

"काय बोलू? घरी वहिनी मजेत, इथे बाक भरलेला. मोडायचं कशाला?"

"उद्या सगळ्यांना सांगून टाकतो. लाव तुझी पाटी. आण टीव्ही दाराशी."

"खबरदार," धाकटे म्हणाले. त्या आवाजात ते थोरल्यांशी कधी बोलले नव्हते. "टीव्ही बघायला कोण येतंय? तसली यंत्रं गल्लोगल्ली झालीत. आणि त्या यंत्राला वास येत नाही. अर्ध्या गाड्यांत ते सगळं ठीक म्हणून मोकळं होतं. लोक तुला बघायला येतात. तू गाडीत बसायचंस, डोळे मिटायचेस. मी गिऱ्हाइकाला गप्पांत घेऊन काय ते काढून घेईन आणि टपावर हात आपटेन. एकदा, क्लच. दोनदा, ब्रेक. तीनदा, तेल. तेवढं फक्त म्हणायचंस."

"आणि दुसरंच काही असलं तर?"

"तर काहीही म्हण. आत घेतल्यावर मी बघतो."

एरवी धाकटे गाडीखालून विचारत आणि थोरले खुर्चीवरून हुकूम देत. तो व्यवहार आता आतल्या खोलीत उलटला होता आणि बाहेर दिसायला तसाच राहणार होता. थोरल्यांना जागा हवी होती, ती मिळाली. फक्त आता ती त्यांना दिलेली होती.

चार-सहा गाड्या तशा पार पडल्या. टपावर हात पडे, थोरले बोलत. प्रत्येक वेळी उतरताना त्यांना आपण पोपट असल्यासारखं वाटे, आणि पोपटाला निदान पेरू तरी मिळतो.

मग कंत्राटदार स्वतःची गाडी घेऊन आला. एरवी नुसता बाकावर बसायला यायचा, यावेळी बसायला कारण होतं. थोरले गाडीत बसले. उजव्या बाजूची काच त्यांनी बोटभर खाली ठेवली. का, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. डोळे मिटले. धाकट्यांनी कंत्राटदाराला नेहमीसारखं टपाजवळ बोलण्यात गुंतवलं.

"गोडसर येतो हो," कंत्राटदार कुजबुजत होता, नियम मोडतोय म्हणून. "साखरेचा पाक तळाला लागावा तसा. आणि काच आतून धुरकट होते. पुसली तर बोट चिकट होतं."

"हं. याच मॉडेलला तेल गळतं," धाकटे म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष आत चाललेल्या वेल्डिंगकडे होतं. टपावर तीनदा हात पडला.

थोरले बसून राहिले. तेल गोड नसतं. जळकं तेल घशाला धरतं, उग्र असतं. नाक होतं तेव्हाचा तो वास त्यांना अजून आठवत होता. गोड काय असतं? रेडिएटरचं पाणी, त्यात घातलेल्या औषधासकट. काचेवर ते कुठून येणार? हीटरच्या हवेबरोबर. त्यांनी बूट काढून पायाखालची चटई चाचपली. एका कोपऱ्यात पायमोजा ओला झाला.

दार उघडलं. एक पाय बाहेर आला, मोजा घातलेला.

"हीटर," थोरले म्हणाले. "आतल्या आत झिरपतोय. पाण्याची पातळी बघा, खाली गेलेली असेल. ही चटई उचला."

पोराने चटई उचलली. खालचा गालिचा हिरवट पाण्याने भिजला होता. बाकावरची माणसं उठून बघायला आली. कंत्राटदार त्यांना वाट करून देत होता, प्रदर्शनाचं उद्घाटन झाल्यासारखा.

गाडी आत गेली. पांगापांग झाल्यावर धाकटे थोरल्यांच्या खुर्चीशी आले. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज उतरवला.

"मी तीनदा मारलं होतं."

"ऐकलं."

"मग हीटर कसं म्हणालास? मला चटई उचलेपर्यंत कळलं नव्हतं."

थोरले बूट चढवत होते. सांगायचं तर सोपं होतं. लोक काय म्हणतात ते कान देऊन ऐकलं आणि इतक्या वर्षांत गाड्यांबद्दल जे कळलं होतं ते त्याला लावलं, बस्स. पण हे सांगितलं तर उद्यापासून धाकट्यालाही ते जमेल. पोरांनाही जमेल. कानाला काय, कान सगळ्यांनाच असतात.

"दादा," धाकटे आणखी जवळ आले. "नाक परत आलं का?"

थोरल्यांनी बुटाची नाडी नीट गाठ मारून बांधली.

"गेलं कधी होतं?" ते म्हणाले.

 आतून पोरं हाका मारत होती तरी धाकटे तिथेच उभे राहिले आणि बराच वेळ थोरल्यांच्या नाकाकडे बघत राहिले.